आजारी कोंबडीला नळीने पाणी आणि खाणं : घरी करावं का, कसं करावं?

तुरेवाली | सोमवार, रात्री ९:१२

मदत हवी आहे, आजच.

माझी तांबू, अडीच वर्षांची. गेले चार दिवस खुराड्याच्या कोपऱ्यात अंग फुगवून, डोळे मिटून उभी असते. दाण्याकडे येते, चोच लावते, पण उचलत नाही. कालपासून पाणीही बंद. आज वजन केलं तर १ किलो ४५० ग्रॅम. दीड महिन्यापूर्वी २ किलोच्या जवळ होती. छातीचं हाड हाताला सुरीच्या पात्यासारखं लागतं आहे. शीट थोडीशीच, गडद हिरवी.

काल रात्री ड्रॉपरने चोचीत पाणी घातलं. तिने मान झटकली आणि नाकातून बुडबुडे आले. मी तिथेच थांबले.

पक्ष्यांच्या डॉक्टरांची वेळ परवा सकाळची मिळाली आहे. तोवर ती टिकेल असं वाटत नाही. घरात १४ नंबरचं सक्शन कॅथेटर (कफ ओढायची नळी) आणि ५० मिलीची सिरिंज आहे, आजोबांच्या आजारपणातली, न उघडलेली. याने पाणी देता येईल का? मी कधीच केलेलं नाही. हात थरथरतो आहे हे खरं सांगते.

रानवारा | सोमवार, रात्री ९:२०

आधी चार गोष्टी सांगा, मग पुढचं बोलू.

क्रॉप, म्हणजे छातीवर उजव्या बाजूची अन्नपिशवी, हाताला कशी लागते? रिकामी, घट्ट, की पाण्याच्या फुग्यासारखी? तोंडाला आंबूस वास आहे का? श्वास चोच मिटून घेते की उघडून? मान स्वतः धरते का?

आणि बाकीच्या कोंबड्या कशा आहेत?

तुरेवाली | सोमवार, रात्री ९:३१

क्रॉप सपाट, काहीच लागत नाही. वास नाही. चोच मिटलेली आहे. कान लावून ऐकलं, घरघर नाही. मान धरते, हात लावला की डोळे उघडते. तुरा फिका पडलाय, टोकाशी जांभळट. तोंड उघडून पाहिलं तर आत चिकट लाळेचे तार दिसले. बाकीच्या सहा जणी व्यवस्थित, खातात-पितात.

जुनं खुराडं | सोमवार, रात्री ९:५८

तुरेवाली, आधी एक दिलासा. कोंबडीच्या टाळूला मधोमध फट असते आणि ती नाकाशी जोडलेली असते. त्यामुळे तोंडात पाणी जास्त झालं की नाकातून येतं. बुडबुडे आले म्हणजे फुफ्फुसात गेलंच असं नाही. चोवीस तास होत आले, घरघर नाही, म्हणजे काल बचावली. पण उघड्या चोचीत पाणी ओतणं आता बंद.

आता नीट ऐका, आणि क्रम मोडू नका. आधी ऊब, मग पाणी, खाणं सगळ्यात शेवटी. मी पंधरा वर्षं कोंबड्या पाळतो आहे. माझ्या हातून ज्या गेल्या, त्यातल्या दोन हा क्रम उलटा केल्यामुळे गेल्या. उपाशी दिसली म्हणून पहिल्याच रात्री घट्ट खाणं भरलं. अंग गार होतं, क्रॉप हलतच नव्हतं, भरलेलं तिथेच आंबलं.

कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आजारी, उपाशी पक्ष्याचा सगळा जोर ते टिकवण्यातच जातो. म्हणून आत्ता उठा, तिला खोक्यात टॉवेलवर ठेवा आणि खोक्याच्या एका बाजूला उष्णता द्या. दिवा चालेल, कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या चालतील. आत ३० अंशांच्या आसपास हवं, थर्मामीटर ठेवून बघा. दुसरी बाजू मोकळी ठेवा, जास्त झालं तर तिला सरकता आलं पाहिजे. चोच उघडून धापा टाकायला लागली तर फार गरम झालं. एक-दीड तास असंच. पाय हाताला कोमट लागले की मग नळी.

तोवर सामान तयार करा. १४ नंबर कोंबडीला चालतो. फ्रेंच मापात ३ म्हणजे १ मिलिमीटर, तेव्हा तुमची नळी पावणेपाच मिलिमीटरच्या जवळपास आहे. पाण्याला उत्तम, पातळ खाण्यालाही चालेल. टोक बोटावर फिरवून बघा, कुठे धार नको. टोकाजवळ बाजूलाही भोक असेल, ते लक्षात ठेवा, मोजताना कामाला येईल.

पक्षीवैद्य | सोमवार, रात्री १०:१५

पशुवैद्यक आहे, पक्षी बघतो. धागा वाचला. तपासणीला पर्याय नाही, पण परवापर्यंत काहीच न देणं हे या कोंबडीसाठी जास्त धोक्याचं दिसतं, म्हणून लिहितो.

नळी कोणाला घालायची नाही ते आधी. मान टाकलेली, शुद्ध हरपलेली किंवा झटके येणारी. चोच उघडून श्वास घेणारी. क्रॉप आधीच भरलेलं, घट्ट किंवा आंबलेलं. घशात पिवळट चिकट थर किंवा फोड असणारी, कारण देवीचा एक प्रकार तोंडाच्या आतही होतो आणि नळीने तिथे रक्त येतं. अशा पक्ष्याला कातडीखालून सलाईन द्यावं लागतं, ते दवाखान्याचं काम. तुमची कोंबडी वर्णनावरून यांपैकी कशात बसत नाही.

आता किती. पक्ष्याची रोजची गरज ढोबळमानाने किलोमागे ५० मिली धरतात. १४५० ग्रॅमला सुमारे ७५. चिकट लाळेचे तार म्हणजे पाणी बरंच कमी झालेलं आहे. ती तूट वजनाच्या दहा टक्के धरली तर १४५ मिली. यातली निम्मी पहिल्या चोवीस तासांत भरायची, उरलेली पुढच्या दीड-दोन दिवसांत. म्हणजे उद्या रात्रीपर्यंत एकूण १५० मिली, साधारण पाच वेळांत विभागून. पण पहिली खेप फक्त १५ मिली. तीही अर्ध्या-एक मिनिटात सावकाश. ते खाली उतरलं हे क्रॉप चाचपून कळलं की दोन तासांनी २५, मग ३०-३५.

द्रव ३८ ते ४० अंश, हातावर कोमट. गार पाणी क्रॉप थांबवतं, जास्त गरम पाणी ते भाजतं, आणि भाजलेलं दोन-तीन दिवस बाहेरून दिसतही नाही. मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, एक भाग गार आणि एक उकळता राहतो.

माणसांचं ओआरएस चालेल, पण पाकीट त्यावर लिहिलेल्या पूर्ण पाण्यातच कालवा. अंदाजाने अर्धं पाकीट, वर चिमूटभर मीठ, असलं काही नको. कोंबडीला जास्तीचं मीठ बाधतं. कालवलेलं चोवीस तासांनी फेकून द्या. ती स्वतः प्यायला लागली की साधं पाणी.

सावलीतली | सोमवार, रात्री १०:२८

मला हे थोडं खटकतं आहे. पहिल्यांदाच करणारीने रात्री एकटीने नळी घालावी का? चोचीच्या कडेला एकेक थेंब लावला तर कोंबडी आपणहून जीभ हलवून गिळते. माझी मोती तशीच जगली, आठ दिवस थेंबावर. नळीने तिला किती भीती वाटेल याचाही विचार करा.

जुनं खुराडं | सोमवार, रात्री १०:४४

सावलीतली, तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. गिळणाऱ्या कोंबडीला कडेने थेंब हा सगळ्यात सुरक्षित मार्ग, आणि तुरेवालीने ऊब देता देता तेच करून बघावं. थेंब चोचीच्या मिटलेल्या रेषेवर, बाहेरून. तिने जीभ फिरवली तर पुढचा.

पण हिशोब करा. एका थेंबाने मिलीचा विसावा भाग जातो. १५० मिली म्हणजे तीन हजार थेंब. तेवढा वेळ अशक्त कोंबडीला हातात धरून ठेवणं हाही ताणच आहे. नळी नीट गेली तर मिनिटभरात सुटका होते. भीती वाटते, हे खरं. ती लांबवायची नाही, एवढं आपल्या हातात आहे.

आता कृती. सगळं वाचून घ्या, मग हात लावा, आणि घरातल्या कोणाला तरी सोबत घ्या.

तिला टॉवेलात पंख मिटून गुंडाळा, टेबलावर उभ्या अवस्थेत बसवा, शेपटी तुमच्या पोटाकडे. छाती दाबू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढेमागे झालं तरच हवा आत जाते. घट्ट आवळलं तर ती गुदमरेल आणि तुम्हाला वाटेल शांत झाली.

नळी तिच्या अंगाला बाहेरून लावून मोजा. मान सरळ, चोचीच्या टोकापासून क्रॉपच्या मध्यापर्यंत. तिथे नळीला चिकटपट्टी. बाजूचं भोकही क्रॉपच्या आत पोचेल इतकं माप घ्या. सिरिंज भरा आणि नळीतली हवा काढा, टोकाशी थेंब दिसला पाहिजे. नळी बाहेरून पाण्याने ओली करा. तेल लावू नका.

मग चोच उघडा. इथे थांबा आणि बघा. घाई इथेच नडते. जिभेच्या मुळाशी, मधोमध, एक छोटी उभी चीर दिसेल, श्वासाबरोबर उघडणारी आणि मिटणारी. ते श्वासनलिकेचं तोंड. कोंबडीत ते झाकायला आपल्यासारखं झाकण नसतं. ते ओळखीचं होईपर्यंत बघत राहा. तुमची नळी त्याच्या मागून, तिच्या उजव्या बाजूने जाणार आहे. अन्ननलिका आणि क्रॉप तिच्या उजवीकडेच असतात.

म्हणून नळी शिरवायची तिच्या डाव्या गालाकडून, तिरकी, घशाच्या उजव्या कोपऱ्याकडे. तिची डावी-उजवी, तुमची नाही. मान वर सरळ ताणलेली ठेवा. नळी लोण्यातून जावी तशी गेली पाहिजे. अडली तर ढकलू नका, मागे घ्या, किंचित फिरवा, परत. ती गिळायला लागली तर त्या लाटेबरोबर जाऊ द्या.

चिकटपट्टी चोचीशी आली की पाणी सोडायच्या आधी मान चाचपा. दोन नळ्या लागल्या पाहिजेत. एक खरखरीत, कड्याकड्यांची, ती श्वासनलिका. दुसरी गुळगुळीत, ती तुमची. एकच लागली तर बाहेर काढा. ती खोकली, गुदमरल्यासारखं तोंड केलं, तर बाहेर काढा. शंका आली तरी बाहेर काढा.

पाणी देताना नजर घशावर. पाणी वर चढताना दिसलं की थांबा, नळी काढा, डोकं सोडून द्या. ती स्वतः झटकेल. उलटी धरू नका.

काढताना नळी चिमटीत दाबून काढा, नाहीतर शेवटचे चार थेंब नेमके त्या चिरेवर पडतात.

आणि सिरिंज व नळीचा जोड सतत बोटांनी धरून ठेवा. जोड सुटला आणि कोंबडीने नळी गिळली तर ती शस्त्रक्रियेनेच निघते.

तुरेवाली | सोमवार, रात्री ११:०३

वाचलं. दोनदा. भाऊ सोबत आहे. खोक्यात ३१ अंश. थेंब लावले, सहा-सात वेळा जीभ फिरवली, मग डोळे मिटून घेतले. पाय अजून गार आहेत, थांबते.

तुरेवाली | मंगळवार, रात्री १२:४०

झालं. १५ मिली गेलं.

पहिल्या वेळी मी नळी सरळ मध्ये नेली, ती खोकली, लगेच काढली. पाच मिनिटं तिला सोडलं. दुसऱ्या वेळी भावाने मोबाइलचा दिवा धरला आणि मी आधी फक्त बघत राहिले. ती चीर दिसली. गुलाबी, तांदळाच्या दाण्याएवढी, उघडमीट होत होती. एकदा दिसल्यावर मग कुठे जायचं नाही हे समजलं. डाव्या गालाकडून तिरकी नेली. एका ठिकाणी तिने गिळलं आणि नळी माझ्या हातातून आपोआप खाली ओढली गेल्यासारखी वाटली. मान चाचपली, दोन्ही लागल्या. अगदी तुम्ही लिहिलंय तशा, एक खरखरीत आणि एक गुळगुळीत.

पाणी जाताना क्रॉपवर भावाचा हात होता. तो म्हणाला, "ताई, कोमट लागतंय."

सोडल्यावर तिने मान झटकली, चोच टॉवेलला पुसली. आता खोक्यात आहे. मी पावणेतीनचा गजर लावला आहे.

रानवारा | मंगळवार, सकाळी ६:५०

पुढच्या खेपा कशा झाल्या?

तुरेवाली | मंगळवार, सकाळी ७:३५

पावणेतीनला २५, सहाला ३०. दोन्ही वेळा आधीचं क्रॉप रिकामं झालेलं. सकाळी शीट झाली, पाणचट, त्यात पांढरा भाग दिसला. डोळे उघडे ठेवून उभी आहे. अजून खात नाही. खाणं केव्हा सुरू करू आणि कोणतं?

मोजमाप | मंगळवार, सकाळी ९:१०

मी हिशोब करून देतो, मागच्या वर्षी माझ्या कोंबडीसाठी केला होता.

पक्षी नुसता पडून राहिला तरी लागणारी ऊर्जा काढायला किलोतल्या वजनाचा ०.७५ वा घात घेऊन ७८ ने गुणतात. १.४५ किलोला साधारण १०३ किलोकॅलरी. पिल्लांच्या स्टार्टर खाद्यात ग्रॅममागे २.८ ते २.९ किलोकॅलरी असतात. म्हणजे दिवसाला सुमारे ३६ ग्रॅम कोरडं खाद्य, हे किमान. त्यात तिप्पट पाणी घातलं की १४० मिलीच्या आसपास पातळ मिश्रण, चार वेळा ३५ मिली. पाण्याचा हिशोबही यातच बराचसा भागतो, दोन्ही वेगळं मोजून दुप्पट करू नका.

स्टार्टर का, तर अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं. अंडी न देणाऱ्या, पाणी कमी झालेल्या कोंबडीच्या मूत्रपिंडांना ते नको. खाद्य कोरडं असतानाच मिक्सरमधून पीठ करा, बारीक चाळणीने चाळा, कोमट पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा. फुगतं आणि घट्ट होतं, मग परत पाणी घाला. आधी नळीतून भांड्यात सोडून बघा. तिथे अडलं तर घशातही अडेल, आणि अडलेल्या सिरिंजवर जोर दिला की जोड सुटतो.

पोपटांच्या पिल्लांसाठी मिळणारं हातभरणीचं तयार खाद्यही चालतं, ते गुठळ्या करत नाही. दूध घालू नका, पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही.

पक्षीवैद्य | मंगळवार, सकाळी ९:४२

हिशोब बरोबर आहे, पण आज पूर्ण १४० नको. इतकी वाळलेली कोंबडी अचानक भरपूर खाण्यावर आली तर रक्तातले क्षार ढासळतात आणि सुधारते आहे असं वाटताना जाते. दुपारपर्यंत फक्त पाणी. संध्याकाळी अगदी पातळ, सहापट पाण्यातलं, २५ मिली एकदा. ते तीन-चार तासांत उतरलं तर रात्री परत एकदा. पूर्ण मात्रेवर दोन-तीन दिवसांत या.

दर वेळी भरण्यापूर्वी क्रॉप चाचपा. आधीचं शिल्लक असेल तर खेप चुकवा. सहा तासांनीही तसंच असेल तर वाट न बघता दवाखाना. तिची ताजी शीट उद्या डबीत घेऊन जा, कृमी आणि रक्ती हगवण दोन्हीसाठी तपासता येते.

अबोली | मंगळवार, सकाळी ११:२०

मी हा धागा सकाळपासून वाचते आहे आणि लिहू की नको असं होत होतं.

माझी चांदणी गेल्या पावसाळ्यात गेली. मला नळी घालायला जमायला लागली होती, पाच दिवस रोज करत होते. सहाव्या दिवशी कामाला निघायची घाई होती, मी मान चाचपली नाही. रोज बरोबर जाते, आजही गेली असेल म्हणून सिरिंज दाबली. तिने एकदाच आवाज केला. दहा मिनिटांत हातात गेली.

तुरेवाली, तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तुम्ही छान करताय. फक्त, सवय झाल्यावरही चाचपा. पहिल्या दिवसाइतकंच.

सावलीतली | मंगळवार, सकाळी ११:३५

अबोली, तुम्ही पाच दिवस तिला जगवलंत. हे लिहिलंत म्हणून आज कोणाचा तरी हात थांबेल.

तुरेवाली | मंगळवार, दुपारी १:०५

अबोलीताई, वहीत पहिल्या ओळीत लिहिलं आहे, "चाचप". भावालाही सांगितलं आहे की मी विसरले तर सिरिंज हातातून काढून घे.

खाचखळगे | मंगळवार, संध्याकाळी ५:१८

दोन गोष्टी राहिल्या.

स्वच्छता. सिरिंज आणि नळी फक्त हिच्यासाठी, दर वेळी लगेच गरम साबणपाण्यातून काढा. सिरिंजच्या दट्ट्यात खाद्य अडकतं आणि आंबतं, दट्ट्या बाहेर काढून धुवा. स्वयंपाकाच्या मोरीत धुऊ नका. आपले हात साबणाने, कारण कोंबड्यांकडून साल्मोनेला माणसाला होतो, आणि घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर खोकं त्यांच्यापासून लांब. आधी बाकीच्या कोंबड्यांचं काम उरका, मग आजारीकडे जा. उलटं नको.

आणि बाकीच्यांवर नजर ठेवा. एकदम दोन-तीन पडल्या, माना वळल्या, डोकी सुजली, तर ते मानमोडी किंवा बर्ड फ्लू असू शकतं. मग नळी वगैरे सोडा, कोंबड्या कुठेही हलवू नका आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा.

तुरेवाली | बुधवार, दुपारी २:२०

डॉक्टरकडून आले. सकाळी वजन १४९०. डॉक्टर म्हणाले, हे मांस नव्हे, पाणी भरलंय, पण तेच हवं होतं. पंखाच्या खालच्या शिरेवर बोट दाबून सोडलं, शीर लगेच भरली. पाणी कमी असतं तर भरायला वेळ लागला असता, असं दाखवलं.

शिटेत सूक्ष्मदर्शकाखाली कॅपिलारियाची अंडी निघाली, भरपूर. मलाही दाखवली. लिंबासारखी लांबट, दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखी. हे केसाएवढे बारीक कृमी आतड्याच्या अस्तरात घुसून बसतात, म्हणून खाऊनही अंगी लागत नव्हतं आणि नंतर खाणंच सुटलं. यातल्या काही जाती गांडुळांतून येतात. तांबू सगळ्यांत जास्त उकरणारी, पाऊस पडला की गांडुळांवर पहिली तीच.

औषध दिलं आहे, बाकीच्या सहा जणींनाही द्यायचं आहे. पोटात अंडं अडकलेलं नाही, हेही बघितलं.

आणि डॉक्टरांनी एक सांगितलं ते लिहिते. म्हणाले, नळीने ती बरी झालेली नाही, नळीने ती माझ्यापर्यंत पोचली.

पक्षीवैद्य | बुधवार, दुपारी ३:०५

उत्तम. औषध पूर्ण करा आणि दिलेल्या मुदतीनंतर परत शीट तपासा, एका डोसाने सगळे जातीलच असं नाही. सातही जणींची अंडी डॉक्टर सांगतील तितके दिवस खायची नाहीत, कुणाला द्यायचीही नाहीत. खोक्यातलं अंथरूण रोज बदला, शिटेतून कृमींची अंडी परत तिच्याच पोटात जायला नकोत.

तुरेवाली | शनिवार, रात्री ८:५०

वजन १४७०. बुधवारपेक्षा २० ग्रॅम कमी. चार वेळा ३५ मिली देते आहे, क्रॉप वेळेवर रिकामं होतं, तरी कमी. मी काही चुकते आहे का?

मोजमाप | शनिवार, रात्री ९:१५

वजन रोज एकाच वेळी घेता ना? सकाळी, क्रॉप रिकामं असताना, पहिल्या खेपेआधी? ३५ मिली भरलेलं क्रॉप आणि रिकामं क्रॉप यातच ३५ ग्रॅमचा फरक पडतो. शिवाय ३६ ग्रॅम हे पडून राहण्यापुरतं आहे. आता तिला वजन कमवायचं आहे, तर डॉक्टरांना विचारून पाचवी खेप वाढवा किंवा थोडं दाट करा. आठवडाभराची रेघ बघा, एका दिवसाचा आकडा नाही.

तुरेवाली | शनिवार, रात्री ९:२२

बुधवारचं वजन दवाखान्यात, सकाळच्या पाण्यानंतरचं होतं. आजचं उपाशीपोटी. म्हणजे कमी झालंच नसेल कदाचित. जीवात जीव आला. पाचव्या खेपेचं उद्या विचारते.

जुनं खुराडं | शनिवार, रात्री ९:४०

आता तिच्यासमोर दिवसभर खाद्य आणि पाणी उघडं ठेवा, आणि नळी सकाळी सगळ्यात आधी न देता तासभर तिला भूक लागू द्या. खोकं अशा ठिकाणी ठेवा की बाकीच्या तिला दिसतील, पण चोच मारू शकणार नाहीत. कोंबडी दुसरीला खाताना बघून खाते. पिल्लांना आई कशी दाणा उचलून टाकून दाखवते, तसं बोटाने दाण्यावर टकटक करा. माझ्याकडे हे औषधाइतकं लागू पडलं आहे.

तुरेवाली | मंगळवार, सकाळी १०:३०

वजन १५२५, उपाशीपोटी.

काल सकाळी जाळीच्या पलीकडे बाकीच्यांना दाणा टाकला आणि इकडे बोटाने टकटक केली. तिने मान तिरकी करून माझ्या नखाकडे बघितलं. मग शेजारचा एक दाणा उचलला, टाकला. परत उचलला आणि गिळला. मी श्वास धरून बसले होते. अकरा दाणे. मी मोजले.

आज सकाळची खेप दिली नाही. क्रॉप तिने स्वतः अर्धं भरलं आहे. रात्रीची एकच नळी चालू ठेवते आहे, डॉक्टरांनी तसंच सांगितलं.

अबोली | मंगळवार, सकाळी १०:४१

अकरा दाणे. मी ऑफिसमध्ये रडते आहे.

भिरभिरं | दोन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११:०२

तुरेवाली, तांबू कशी आहे? आमच्याकडे एक कालपासून खात नाही, धागा शोधत आले. माझ्या कोंबडीचं क्रॉप सकाळीही घट्ट आहे, पिठाच्या गोळ्यासारखं. आधी पाणी देऊ ना नळीने?

जुनं खुराडं | रविवार, सकाळी ११:०९

नाही, थांबा. घट्ट क्रॉपवर नळी नाही. वर पक्षीवैद्यांनी लिहिलं आहे ते वाचा. उलटी धरून रिकामं करायलाही जाऊ नका, ते श्वासनलिकेत जातं. ऊब द्या, खाणं काढून घ्या, पाणी समोर ठेवा आणि आजच दवाखान्यात न्या. वेगळा धागा काढा, वजन आणि शिटेचा रंग लिहा, आम्ही आहोत.

तुरेवाली | रविवार, दुपारी १२:१५

भिरभिरं, जुनं खुराडं सांगतात तेच करा, आज रविवार असला तरी फोन करून बघा.

तांबू १७२०. नळी बंद होऊन बारा दिवस झाले. दुसऱ्या तपासणीत कृमींची अंडी दिसली नाहीत. गेल्या गुरुवारी तिला बाकीच्यांत सोडलं, पहिले दोन दिवस एकीने टोचलं, आता नाही. ओल्या कोपऱ्यात जाळी लावली आहे, तिथे उकरायचं बंद. ती जाळीपाशी उभी राहून आत बघत असते.

सिरिंज टाकून दिली. नळी उकळून, वाळवून, डबीत ठेवली आहे. डबीवर भावाने पेनने लिहिलं आहे, "चाचप".